सॅक्सोफोनच्या जागी

३ फेब्रुवारी

भाऊजी,

हे पत्र उभ्यानेच लिहितेय, कारण बसवत नाहीये. कालच्या मीटिंगमध्ये आमच्या हौशी वाद्यवृंदाने एप्रिलच्या कार्यक्रमाची काठी माझ्या हातात दिली. आमचे कंडक्टर लेकीकडे राहायला गेले, ते आता परत येत नाहीत. इतकी वर्षं व्हायोला घेऊन दुसऱ्या रांगेत गुपचूप बसणारी तुमची वहिनी आता सगळ्यांसमोर उभी राहून हात हलवणार. "एका कार्यक्रमापुरतं," हे सेक्रेटरींनी पुन्हा पुन्हा बजावलंय. जमलं तर पुढचं बघू, नाही तर व्हायोला आहेच.

आता कामाचं. मध्यंतराआधी नेहमीचं जुनं वाजवायचं. मध्यंतरानंतर विसाव्या शतकातलं एखादं मिश्र बाजाचं मोठं काम घ्यावं, असं कमिटीचं म्हणणं आहे, म्हणजे तरुण लोक येतील. स्वरलिपीची दोन पुस्तकं समोर आहेत. एक 'रात्रपाळी'. ते दोन महायुद्धांच्या मधलं. एका बाजूला तंतुवाद्यं आणि दुसऱ्या बाजूला डान्स हॉलचा बँड, मध्ये सॅक्सोफोन. दुसरं 'सात खिडक्या'. हे सत्तरच्या दशकातलं. त्यात तंतुवाद्यं आहेतच, शिवाय इलेक्ट्रिक ऑर्गन, शेतावरच्या गाण्यांचे ताल आणि टेपवर मुद्रित केलेले रस्त्यावरचे आवाज. दोन्हींच्या कॅसेट सोबत पाठवतेय.

तुम्ही दोन्ही जगांत राहिलेला माणूस. कुठलं घेऊ?

तुमच्या बंधुराजांना विचारलं. म्हणाले, "एक भेसळ आहे, दुसरी जास्त भेसळ आहे." मग चेलोला राळ घासत बसले. त्या हॉटेलातल्या भांडणापासून तुम्ही दोघं एकमेकांचं नाव काढत नाही, पण पोस्टमन आला की हे खिडकीपाशी जातात, एवढं सांगून ठेवते.

तुमची वहिनी

८ फेब्रुवारी

कंडक्टरीणबाई,

अभिनंदन. आता घंटी वाजवा आणि गाडी सोडा. सुटे पैसे मात्र मागू नका. खरं सांगतो वहिनी, तुमचं पत्र वाचून मी दुकानाचं दार आतून लावलं आणि एकटाच टाळ्या वाजवल्या.

कॅसेट दोन दिवस उलटसुलट ऐकल्या. माझं मत ऐका: 'सात खिडक्या'. डोळे मिटून घ्या.

'रात्रपाळी'त काय होतं? तंतुवाद्यं इस्त्रीचे कपडे घालून बसलेली आणि सॅक्सोफोन हा आगंतुक पाहुणा. दोघं आळीपाळीने बोलतात. तुम्ही आधी, नाही नाही, तुम्ही आधी. ही सरमिसळ नाही, ही ओळखपरेड आहे. 'सात खिडक्या'त तसं नाही. चौथ्या खिडकीत, म्हणजे चौथ्या भागात, तो पेरणीचा ताल सुरू होतो, आणि त्याच तालावर ऑर्गन असा काही पसरतो की कुठलं शेतातलं आणि कुठलं विजेवरचं हे कळेनासं होतं. दुधात साखर. चाखा, पण वेगळी काढून दाखवा. मी तिथे टेप मागे नेऊन नेऊन ऐकली. शेवटी बटण रुसलं.

शिवाय 'रात्रपाळी'चं सगळं ओझं त्या एका सॅक्सोफोनवर. तो सोलो लांबलचक आहे, आता जुनाट वाटतो, आणि तिसऱ्या भागात ती मोकळी जागा आहे, जिथे रचनाकाराने काहीच न लिहिता "इथे आपलं वाजवा" एवढंच लिहून ठेवलंय. हौशी लोकांनी त्या भानगडीत पडू नये.

दादा काय म्हणतो ते कळवत जा. नाही कळवलंत तरी चालेल.

तुमचा भाऊजी

१४ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र यायला एक दिवस उशीर झाला, आणि आलं असतं वेळेवर तरी मी ऐकलं नसतं.

दोन्ही पुस्तकं स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी मांडून मी आठवडाभर वाचतेय. 'सात खिडक्या' देखणं आहे, मान्य. पण त्यात सगळं आधीच विरघळलेलं आहे हो. विरघळताना कुणी दिसत नाही. 'रात्रपाळी'चा पहिला भाग तुम्ही म्हणता तसाच आहे, दोघं अवघडून बसलेले. पण तिसरा भाग नीट ऐका. सॅक्सोफोन आपली डुलती चाल सोडत नाही, आणि हळूहळू आधी चेलो, मग व्हायोला, मग सगळ्यात शेवटी नाकं वर केलेली व्हायोलिनं, एकेक जण त्या चालीने चालायला लागतात. तुमच्या त्या पाहुण्यामुळे घरातली माणसं बदलतात. मला ते बदलणं ऐकू येतं. दोन तऱ्हा एकत्र आल्या आणि कुणाचंच काही बदललं नाही, तर आल्या कशाला?

तर कमिटीने 'रात्रपाळी' घेतली. आणि आता जे सांगणार आहे ते वाचून रागावू नका. पोस्टर छापायला गेलंय. त्यावर लिहिलंय, 'सॅक्सोफोन: पाहुणे वादक, मोठ्या हॉटेलांच्या बँडमधले'. म्हणजे तुम्ही. मी तुम्हाला न विचारता सांगून मोकळी झाले. दाताचे डॉक्टर, जे आमच्याकडे हॉर्न वाजवतात, ते तर खुर्चीतून उठलेच.

घरी सांगितलं तेव्हा तुमचे बंधुराज जागचे उठले. बाहेर गेले आणि सायकलच्या चाकात हवा भरत बसले. चाकात हवा होती.

तुमची वहिनी

२० फेब्रुवारी

वहिनी,

मला येता येणार नाही. एप्रिल म्हणजे हॉटेलांचा हंगाम. सुट्टी मागितली तर मॅनेजर मलाच सुट्टी देईल. तुमच्या गावात लष्करी बँड आहे ना, तिथे सॅक्सोफोन वाजवणारा नक्की मिळेल. पोस्टरवर नाव नाही छापलंत हे देवासारखं झालं. पाहुणा कुणीही असू शकतो.

पण तिसऱ्या भागाचं तुमचं म्हणणं वाचून मी परत ऐकलं, आणि काय सांगू, तुम्ही बरोबर आहात. व्हायोला वळते ती जागा! मी पन्नास वेळा ऐकली असेल ही रचना, पण मी नेहमी सॅक्सोफोनच ऐकत आलो. आपलीच पाठ थोपटत बसणारा माणूस. तंतुवाद्यं काय करताहेत हे मला तुम्ही दाखवलंत.

आता ती चाल तुमच्या लोकांना शिकवायची कशी ते सांगतो. कागदावर दोन सूर सारख्या लांबीचे दिसतात, पण वाजवायचे तसे नाहीत. पहिला सूर खुर्चीत ऐसपैस बसतो, दुसरा नुसता काठावर टेकतो आणि लगेच उठतो. गुडघा दुखणारा माणूस जिना चढताना ऐकलाय? तसं. त्यांना आधी वाद्यं खाली ठेवायला सांगा आणि हॉलमध्ये चालायला लावा. हसतील. हसू द्या. हसल्याशिवाय ही चाल अंगात जात नाही. गज कमी वापरा, पूर्ण गज ओढला की सूर लठ्ठ होतो. आणि ड्रमवाल्याला सांगा, चौथ्या मात्रेवर घाई करशील तर

बघा, मी वाहवत गेलो. येणार नाही म्हणणाऱ्या माणसाने एवढं बोलू नये.

भाऊजी

४ मार्च

भाऊजी,

लष्करी बँडमधला सॅक्सोफोनवाला मिळाला. मोठा सज्जन माणूस. ताठ बसतो, वेळेवर येतो, आणि 'रात्रपाळी' अशी वाजवतो की आमच्या बासरीवाल्या बाईंनी नकळत पाय जुळवले. डुलणं नावालाही नाही. मी तुमचा जिना सांगितला. ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे गुडघा दुखला तर रजेचा अर्ज करतात." काल त्यांची बदली झाली, तेव्हा तोही प्रश्न मिटला.

मजा म्हणजे बाकीच्यांना चाल यायला लागलीय. मी सगळ्यांना हॉलभर चालवलं. डॉक्टर आधी लाजले, मग त्यांना इतकं आवडलं की आता दवाखान्यातही तसेच चालतात म्हणे. व्हायोलिनवाल्या दोघी शिक्षिका रुसून भिंतीला टेकून उभ्या होत्या. शेवटच्या फेरीत त्याही आल्या. फक्त एक माणूस जागचा हलला नाही. पहिल्या चेलोच्या खुर्चीवर कोण बसतं हे तुम्हाला माहीत आहे.

मी मूर्ख नाही, भाऊजी. हंगामबिंगाम सोडा. तुम्ही यांच्यामुळे येत नाही. यांनी तुम्हाला हॉटेलात म्हटलं, बाबांनी दिलेला सूर तू जेवणाऱ्यांपुढे टाकतोस. तुम्ही म्हणालात, माझ्यापुढे लोक निदान जेवतात, तुझ्यापुढे झोपतात. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं, म्हणून ते इतकं लागलं.

परवा मी यांच्याशी भांडले. चांगली भांडले. भांड्यांचाही आवाज झाला. सगळं ऐकून घेऊन हे म्हणाले, "त्याला लिही, मी त्या दिवशी वाजवणार नाही. माझी खुर्ची रिकामी राहील. मी नसेन तर तो येईल ना?"

भाऊजी, बाविसाव्या वर्षापासून हा माणूस त्या खुर्चीवर बसतोय. तापातही बसलाय. आता तुम्हीच सांगा मी काय करू.

वहिनी

९ मार्च

वहिनी,

दादाला म्हणावं, खुर्ची सोडू नकोस. मी येत नाही ते त्याच्यामुळे नाही.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात एका सकाळी उठलो तर चेहऱ्याची डावी बाजू झोपलेलीच होती. चहा घेतला तो शर्टावर गेला. डॉक्टर म्हणाले, नस सुजली आहे, बरी होईल. झाली. आता तुम्ही मला पाहिलंत तर तुमच्या लक्षातही येणार नाही. पण ओठाचा डावा कोपरा पहिल्यासारखा आवळत नाही. सॅक्सोफोन तोंडात धरला की हवा तिथून निसटते. पहिले दोन-चार सूर बरे येतात, मग किटली उकळल्यासारखा आवाज. हॉटेलने दोन महिने वाट पाहिली. नंतर मी दुसऱ्यांच्या वाद्यांची दुरुस्ती करायला लागलो. 'दुकान' म्हणून जे मी लिहितो ते तेच. कळांखालच्या गाद्या बदलतो, स्प्रिंगा बसवतो, बुचं चिकटवतो. काम वाईट नाही. वाद्य दुरुस्त झालं की दोन सूर वाजवून बघतो आणि गिऱ्हाईकाच्या हातात देतो. तिसऱ्याच्या वाटेला जात नाही.

'सात खिडक्या'त सॅक्सोफोन नाही. म्हणून मी त्या रचनेची एवढी वकिली केली. तशी ती मला आवडतेही, पण त्या पत्रातला निम्मा जोर भीतीचा होता.

दादाला सांगू नका. तो वाईट माणूस नाही, पण त्याला वाटेल ते मला नको आहे.

भाऊजी

१३ मार्च

भाऊजी,

सांगू नका म्हणालात. मी सांगितलं. नवऱ्यापासून काही लपवलं की मला जेवण जात नाही.

हे ऐकत होते. मग विचारलं, "कुठली बाजू?" मी म्हटलं, डावी. बराच वेळ स्वतःच्या गालावर हात ठेवून बसले. मग उठले, सॅक्सोफोनची पानं माझ्या फायलीतून काढली, चेलोच्या स्टँडवर लावली आणि वाजवायला लागले.

तुम्हाला माहीतच आहे, सॅक्सोफोनची पानं वेगळ्या पट्टीत लिहिलेली असतात. यांच्या ते लक्षात नव्हतं. मी पियानोवर साथ धरली, तर मी एका गावाला आणि हे शेजारच्या. तरी थांबले नाहीत. शेवटी मीच हसायला लागले, तेव्हा म्हणाले, "हसू नको. जागा बरोबर आहे. हा सूर चेलोत बसतो." आणि खरंच बसतो, भाऊजी. तो जाडसर, थोडा खर्जातला सॅक्सोफोन आहे ना, नेमक्या त्याच उंचीवर चेलो गातो. इतके दिवस आम्ही गावभर सॅक्सोफोन शोधत होतो.

पुढचं त्यांचं ते लिहिताहेत. मला वाचू देत नाहीत.

वहिनी

१३ मार्च

फुंक्या,

तिसऱ्या भागात सतराव्या ओळीत जो सूर खालून वर सरकत जातो, तिथे बोट घसरवायचं की अख्खा हात न्यायचा? तू तोंडाने काय करायचास ते आठवून लिही. मी दोन्ही करून पाहिलं, दोन्ही वाईट वाटतं.

त्याच भागात मोकळी जागा आहे. तिथे काय वाजवायचं ते लिहून पाठव. मला आपल्या मनाचं वाजवता येत नाही.

लिहून कळण्यासारखं नसेल तर मला आठवडाभर रजा आहे.

दादा

२५ मार्च

वहिनी,

तुमचा नवरा इथे सुखरूप आहे. आल्या दिवशी चेलो दारातून आत येईना. माझी दुरुस्तीची टेबलं दोन्ही बाजूंना आहेत. दादाने वाद्य आडवं केलं, उभं केलं, मग म्हणाला, "तुझ्याकडे माणसं येतात कशी?" इतक्या वर्षांनी भेटल्यावरचं हे पहिलं वाक्य. मी म्हटलं, "बारीक होऊन येतात." झालं. बाकीचं काही बोलायची गरज पडली नाही, किंवा पडली तेव्हा आम्ही दोघांनीही टाळली. फक्त एकदा, मी चहा पिताना, त्याने माझ्या ओठाकडे बघितलं आणि पटकन खिडकीबाहेर बघितलं.

शिकवणं म्हणजे डोकेफोड होती. मी तोंडाने गाऊन दाखवतो, तो तसं वाजवतो, आणि ते तसं नसतं. सूर असा की कान धुऊन निघावेत. पण चाल लाकडी. तिसऱ्या दिवशी माझा संयम सुटला. म्हटलं, "दे इकडे," आणि त्याच्या हातातून चेलो ओढून घेतला.

बाबांनी मलाही आधी चेलोच शिकवला होता, हे तुम्हाला दादाने सांगितलं असेल की नाही कोण जाणे. चौदाव्या वर्षी सोडला. त्यानंतर आज गज धरला. वाजवल्या त्याच चार ओळी. वहिनी, भयंकर आवाज आला. शेजारचा चष्मेवाला बघायला आला.

दादा शांतपणे म्हणाला, "सूर घाण आहे. चाल बरोबर आहे."

मी म्हटलं, "तुझं नेमकं उलटं आहे."

मग त्याने खुर्ची माझ्या मागे ओढली, माझ्या उजव्या कोपराला हात लावला आणि म्हणाला, "परत वाजव. मला बघायचंय तुझा हात कुठे थांबतो." मी वाजवत राहिलो, तो बघत राहिला, मध्येच माझं मनगट सरळ करत. थोड्या वेळाने वाद्य त्याने घेतलं. आणि ती चाल आली. एकदम नाही, पण आली. त्यालाही कळलं. थांबला आणि म्हणाला, "हे मी इतकी वर्षं भेसळ म्हणत होतो?" असल्या वेळी गप्प बसायला मला उशिरा का होईना जमायला लागलंय.

संध्याकाळी आम्ही दोन्ही कॅसेट ऐकल्या. दादाला 'सात खिडक्या'ही आवडलं, पण त्याची तक्रार आहे की त्यात चेलोला फार काम नाही. तो म्हणतो, त्या माणसाने सगळ्या जगाला घरात घेतलं, पण खुर्ची कुणालाच दिली नाही. यावर आम्ही जोरदार भांडलो. फार बरं वाटलं.

मोकळ्या जागेसाठी मी त्याला सोपंसं लिहून दिलंय. तो ते जपमाळेसारखं घोकतोय.

भाऊजी

२८ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा कणीक भिजवताना. पानाला पीठ लागलंय.

आता एक गंमत. हे सोलो वाजवायला पुढे येणार, म्हणजे चेलोंच्या रांगेत एक वादक कमी पडणार. आमच्याकडे चेलो चारच. सोलोच्या मोकळ्या जागेत बाकी सगळे थांबतात आणि फक्त चेलोवाले बोटाने तारा छेडून ती चाल धरून ठेवतात. तीन जणांत ते फारच पातळ लागतंय. गज नको, अवघड काही नको, चार सूर आणि ती चाल.

घरात यांचा जुना चेलो पडून आहे. मी त्याच्या तारा बदलून घेतल्या.

विचारत नाहीये. खुर्ची मांडलीय एवढंच सांगतेय. शेवटची खुर्ची, यांच्या बरोबर मागची.

वहिनी

१ एप्रिल

वहिनी,

चौदाव्या वर्षी सोडलेलं वाद्य, आणि लोकांसमोर. माझी बोटं मऊ पडलीत, तारा छेडून छेडून फोड आलेत. दादाला रात्रीच्या गाडीत बसवून दिलं तेव्हा त्याला तुमचं पत्र दाखवलं. म्हणाला, "फोडांवर फुंकर घाल, तुला तेवढं येतं."

पुढच्या सोमवारी येतो. दुकानाला कुलूप.

फुंक्या

१९ एप्रिल

वहिनी,

काल घरी पोचलो. दुकानासमोर एक ट्रम्पेटवाला तोंड फुगवून उभा होता, त्याचं वाद्य मी पंधरवडाभर कोंडून ठेवलं होतं. त्याला सगळी हकिगत सांगितली. तो भांडायचं विसरला.

मला अजून झोप लागत नाही. गाडीतही पायाने ताल धरत होतो, समोरच्या बाईंनी पाय मागे घेतले.

तुमच्याबद्दल आधी. तुम्ही पहिला हात उचललात तेव्हा काठी जेमतेम खांद्यापर्यंत गेली, ते मागच्या रांगेपर्यंत दिसलं. दुसऱ्या भागात हात मोकळा झाला. तिसऱ्या भागात तर तुम्ही काठी हलवत नव्हता, तुम्ही त्या चालीने उभ्या होता. व्हायोला वळली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं बँडमध्ये त्या जागेच्या वर वाजवत राहिलो. परवा पहिल्यांदा तिच्या आत बसलो. तिथून ऐकल्यावर मी माझा आधीचा निकाल फिरवतो. ओळखपरेड म्हणालो होतो, ते शब्द परत घेतो.

पण मी हे पत्र एका गोष्टीसाठी लिहितोय.

मोकळी जागा आली. आम्ही चौघांनी तारा छेडायला सुरुवात केली. मी वाट बघत होतो, आता मी लिहून दिलेलं येईल. पाठ होतं मला, मीच लिहिलेलं. दादाने गज ठेवला, आणि पहिला सूर आला तो माझा नव्हता. दुसराही नाही. मी दचकून जवळजवळ चुकलोच. वाटलं, तो विसरला. पण तो विसरलेला माणूस नव्हता. हळूहळू, एकेक पायरी चाचपत, कधी मध्येच थांबून, तो काहीतरी वेगळंच वाजवत गेला. त्यात बाबांनी शिकवलेले ते लांब, सरळ सूर होते, आणि खालून ती डुलती चाल. दोन्ही एकदम. मी जन्मभर हॉटेलांत आपल्या मनाचं वाजवत आलो, वहिनी, पण तसं मला कधी सुचलं नाही.

मी त्याच्या बरोबर मागे होतो. मला फक्त पाठ दिसत होती आणि कोटाची उसवलेली शिवण. तुम्हाला चेहरा दिसत होता. नंतर त्या गर्दीत, हारतुऱ्यांत, डॉक्टरांच्या मिठीत विचारायचं राहून गेलं, आणि त्याला मी विचारणार नाही. काय होतं चेहऱ्यावर? सांगा.

भाऊजी

२४ एप्रिल

भाऊजी,

आधी बातम्या. काठी माझ्याकडे राहिली, वर्षभरासाठी. सेक्रेटरींनी हे एकदाच सांगितलं. एका जुन्या सभासदांनी राजीनामा दिला, म्हणाले हा वाद्यवृंद आता नाचघर झाला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच बायकोने सभासदत्वाचा अर्ज दिला, तिला झांजा वाजवायच्या आहेत. हिवाळ्यात 'सात खिडक्या' करायचं ठरलंय. तुमच्या बंधुराजांनीच सुचवलं. मी म्हटलं, त्यात चेलोला काम नाही ना? तर म्हणाले, "त्याचं ऐकलं पाहिजे एकदा." चौथ्या चेलोची खुर्ची आम्ही उचललेली नाही. गाडीचं वेळापत्रक हे पाठ करून बसलेत.

आता तुमचा प्रश्न.

मोकळ्या जागेच्या आधीची ओळ चालू असताना मी यांना खूण करायला वळले. तुम्ही लिहून दिलेलं पान यांच्यासमोर होतं. यांनी डावा हात तारांवरून उचलला आणि ते पान उलटं करून ठेवलं. कोरी बाजू वर. सगळं सभागृह माझ्या मागे, आणि समोर माझा नवरा, ज्याने लग्नानंतर कधी एक सूरही कागदाशिवाय वाजवला नाही, तो कोऱ्या कागदासमोर बसलाय.

मग तुम्ही ऐकलंत ते झालं. घरी येताना मी विचारलं, असं का केलंत, भाऊजींनी इतक्या कष्टाने लिहून दिलं होतं. म्हणाले, "चांगलं होतं ते. पण त्याचं होतं. आणि तो मागे वाजवत होता, म्हटलं पडलो तर धरेल."

चेहरा सांगते. सुरुवातीला भीती होती, स्पष्ट भीती, पोहायला पहिल्यांदा उतरलेल्या माणसाची. डोळे मिटलेले नव्हते, कुठेच बघत नव्हते, मान जराशी मागे कललेली, तुमच्या बाजूला. तुमची बोटं ऐकत होते. आणि मग अर्ध्यावर, तुम्ही म्हणता ना तसे हे थांबले, त्यानंतर, हे हसले. वाजवता वाजवता. भाऊजी, इतक्या वर्षांत मी या माणसाला वाद्य हातात असताना हसलेलं पाहिलं नव्हतं. मी बघतच राहिले. काठी हलवायचंच विसरले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. भानावर आले तेव्हा वाटलं, आता सगळं कोसळलेलं असणार. पण कुणी हललं नव्हतं. तुम्ही चौघं चाल धरून होता, आणि सगळे आपापल्या जागी, वाद्यं उचलून, माझ्या हाताची वाट बघत होते.

तुमची वहिनी